दोन भावंडं, एकच विमान

मुलांनो, तुमच्या घरी धाकटी बहीण किंवा थोरला भाऊ आहे ना? मग रिमोट कुणाच्या हातात, खिडकीची जागा कुणाची, आंब्याची बाठ कुणी चोखायची, यावरून आज सकाळीच एखादी चकमक झडली असेल. वैतागून आई म्हणालीही असेल, "थांबा, आता तुम्हा दोघांना दोन घरी पाठवून देते!" आणि तुम्ही खुशाल हसला असाल. कारण तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, की आई असं काही करणार नाही.

पण जगात अशी भावंडं होऊन गेली, ज्यांना खरोखरच वेगळं केलं गेलं. दोन घरी नव्हे, चक्क दोन देशांत पाठवलं गेलं. आणि जगात असेही आई-बाबा आहेत, जे दोन भावंडांना एकत्रच घरी आणायचं म्हणून हजारो किलोमीटरचा प्रवास करतात. आज आपण या दोन्ही गोष्टी पाहू या. आधी ताटातुटीची गोष्ट, मग सोबतीची.

पडद्यावर आपलाच चेहरा!

डिसेंबर २०१२. आनाइस बोर्दिये ही फ्रेंच तरुणी लंडनमध्ये शिकत होती. एक दिवस तिच्या मित्राने यूट्यूबवर एक व्हिडिओ पाहिला आणि तो चकित झाला. त्यातली मुलगी हुबेहूब आनाइससारखी दिसत होती! त्याने ते चित्र तिला पाठवलं. आनाइसही बघतच राहिली. आपण तर असा व्हिडिओ कधी केला नाही, मग ही कोण?

शोध घेतल्यावर कळलं, की तिचं नाव सामंथा फुटरमन. ती अमेरिकेत राहते आणि नटी आहे. तिची जन्मतारीख १९ नोव्हेंबर १९८७. आनाइसचीही जन्मतारीख तीच! दोघींचा जन्म दक्षिण कोरियातल्या बुसान शहरातला, आणि दोघीही दत्तक गेलेल्या. एक फ्रान्समध्ये, एक अमेरिकेत.

फेब्रुवारी २०१३मध्ये आनाइसने फेसबुकवरून सामंथाला गाठलं. मे महिन्यात दोघी लंडनमध्ये समोरासमोर आल्या. रक्ताच्या नात्याची खात्री पटवणारी डीएनए चाचणी झाली आणि उत्तर मिळालं, की या दोघी जुळ्या बहिणी आहेत. पंचवीस वर्षं एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. त्यांना वाढवणाऱ्या आई-बाबांनाही काही कल्पना नव्हती, कारण दोघींना पाठवणाऱ्या संस्था वेगवेगळ्या होत्या. पुढे २०१५ साली या भेटीवर 'ट्विन्स्टर्स' नावाचा माहितीपट निघाला. तो सामंथाने स्वतः एका जोडीदाराबरोबर दिग्दर्शित केला.

लक्षात घ्या हं, दोघींनाही जीव लावणारे आई-बाबा मिळाले होते. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. पण एका वाढदिवसाला दोघींनी मिळून मेणबत्त्या विझवायच्या, एकीच्या कागाळ्या दुसरीने सांगायच्या, असे पंचवीस वाढदिवस निसटून गेले. ते कोण परत देणार?

चांगलं मन आणि चुकलेली वाट

तुम्ही विचाराल, "पण कोरियातली मुलं एवढ्या लांब गेलीच कशी?"

१९५० ते १९५३ या काळात कोरियात भयंकर युद्ध झालं. हजारो मुलं पोरकी झाली. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात हॅरी आणि बर्था होल्ट हे जोडपं राहत होतं. त्यांना स्वतःची सहा मुलं होती. कोरियातल्या मुलांचे हाल कळल्यावर दोघांनी ठरवलं, की त्यातली आठ मुलं आपण घरी आणायची. त्या वेळच्या कायद्यानुसार एका कुटुंबाला दोनच मुलं आणता येत होती. तेव्हा अमेरिकेच्या संसदेने त्यांच्यासाठी खास कायदा केला! १९५५ साली हॅरी कोरियाला गेले आणि बारा मुलांना घेऊन परतले. त्यातली आठ त्यांच्या घरी आली आणि चार इतर कुटुंबांत गेली.

सुरुवात अशी मायेने झाली. पण पुढे युद्ध संपलं, तरी मुलं पाठवणं थांबलं नाही. उलट वाढतच गेलं. लाखाहून अधिक कोरियन मुलं परदेशी गेली. घाई झाली की गणितात चुका होतात, तशा तिथेही झाल्या, पण त्या नुसत्या चुका नव्हत्या. काही मुलांचे आई-वडील जिवंत असताना कागदावर 'अनाथ' लिहिलं गेलं. काहींची ओळखच बदलली. मार्च २०२५मध्ये कोरियाच्याच सत्यशोधन आयोगाने सांगितलं, की या कारभारात मुलांच्या हक्कांची पायमल्ली झाली आणि सरकार त्याला जबाबदार आहे.

मुलांनो, यातून एक गोष्ट शिकायची. नुसतं चांगलं मन पुरत नाही. रोप कितीही प्रेमाने लावा, कुंपण घातलं नाही तर गुरं खाऊन जातात. दत्तक देण्याघेण्याच्या कामालाही नियमांचं कुंपण लागतं.

एका पत्राने काय होतं?

आपल्या देशात हे कुंपण कसं उभं राहिलं माहीत आहे? एका पत्राने!

१९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. भारतातली मुलं परदेशी दत्तक देताना गैरप्रकार होत आहेत, त्यांच्याकडे लक्ष द्या, अशी त्यांची विनंती होती. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानलं. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला आणि परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. मुलासाठी आधी भारतातच घर शोधायचं, ते मिळालं नाही तरच परदेशाचा विचार करायचा, हे त्यातलं महत्त्वाचं सूत्र. पुढे १९९० साली या कामासाठी केंद्र सरकारची यंत्रणा उभी राहिली. तिला थोडक्यात 'कारा' म्हणतात.

१९९३ साली नेदरलँड्समधल्या हेग शहरात अनेक देशांनी मिळून करार केला. मुलांची विक्री होता कामा नये, कुणी त्यांच्यावर पैसा कमवता कामा नये, आणि प्रत्येक देशाने एकेक जबाबदार कचेरी नेमावी, असं त्यात ठरलं. २००३ साली भारतही त्यात सामील झाला. आणि आपल्या गोष्टीसाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, २००९ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. त्यात म्हटलं आहे, की ज्या भावंडांची एकमेकांशी माया जडली आहे, त्यांची ताटातूट करू नये. अगदी तसंच काही गंभीर कारण असेल, तरच.

मान हलवली, पण हो की नाही?

आता सोबतीची गोष्ट. समजा, इटलीतलं एक जोडपं आहे. त्यांना दोन भावंडं दत्तक घ्यायची आहेत. कुठे जायचं? इटलीतून बरीच जोडपी बल्गेरियाला जातात. नकाशात शोधा पाहू. ग्रीसच्या वर, काळ्या समुद्राच्या काठाला हा देश आहे.

पण असं उठलं आणि निघालं, असं चालत नाही. आधी इटलीतच समाजसेवक त्यांच्या घरी येतात. घर कसं आहे, दोघांचं एकमेकांशी कसं आहे, राग आला की काय करतात, नातेवाईक काय म्हणतात, सगळं विचारतात. मग मुलांचे खटले पाहणारं न्यायालय ठरवतं, की हे दोघे परदेशातलं मूल दत्तक घ्यायला योग्य आहेत. परीक्षा फक्त तुम्हालाच असते असं नाही, बरं का! आई-बाबा होण्याचीही असते.

पास झाल्यावर वाट पाहायची. महिने, कधी वर्षं. आणि एक दिवस निरोप येतो, की बल्गेरियात एक बहीण-भाऊ आहेत. समजू या, ताई सात वर्षांची आणि धाकटा चार वर्षांचा.

बल्गेरियाचा नियम असा, की आई-बाबांनी दोन खेपा करायच्या. पहिल्या खेपेत मुलांबरोबर निदान पाच दिवस घालवायचे. नुसता फोटो बघून 'हो' म्हणायचं नाही. भेटा, खेळा, ओळख करून घ्या, मग ठरवा.

या पाच दिवसांत काय काय गमती होत असतील! भाषा वेगळी, लिपी वेगळी. त्यात आणखी एक गंमत आहे. बल्गेरियात 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना उभी! म्हणजे आपल्या इटालियन बाबांनी विचारलं, "आइस्क्रीम हवं का?" आणि धाकट्याने जोरजोरात आडवी मान हलवली, तर बाबांना वाटायचं, याला नको आहे. आणि धाकट्याला वाटायचं, कसले हे बाबा, हो म्हटलं तरी देत नाहीत! अशा वेळी दुभाषी मदतीला असतो. आणि एक शब्द मात्र दोन्हीकडे आहे. निरोप घेताना इटलीतही 'चाव' म्हणतात आणि बल्गेरियातही.

तोच शब्द शेवटच्या दिवशी जड जातो. कारण पाच दिवस संपले, की जोडप्याने एकटंच परत जायचं असतं. मुलांना सोडून! पुढची कागदपत्रं बल्गेरियाच्या न्यायमंत्र्यांकडे आणि सोफिया शहरातल्या न्यायालयात जातात. त्याला काही महिने लागतात. तोवर मुलांकडे नव्या घराच्या फोटोंचा अल्बम असतो. हा आपला पलंग, हे अंगण, ही आजी. रोज रात्री पानं उलटायची. दुसऱ्या खेपेला आई-बाबा येतात, ते मात्र मुलांना घेऊनच जाण्यासाठी.

कोलंबिया या दक्षिण अमेरिकेतल्या देशात पद्धत निराळी आहे. तिथे आई-बाबांना बोलावून मुलं त्यांच्या हवाली करतात आणि मग काही आठवडे सगळ्यांनी तिथेच राहायचं. न्यायालयाचा निकाल लागला, की मगच घरी जायचं. देश बदलला की नियम बदलतात, पण हेतू एकच. घाई नको.

आपल्याकडच्या शिशुगृहात

अशी जोडपी आपल्या भारतातही येतात, महाराष्ट्रातही येतात. पण आपल्या इथली दोन भावंडं परदेशी का जातात?

याचं उत्तर जरा मोठ्या माणसांनीही ऐकावं. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या बहुतेकांना तान्हं बाळ हवं असतं, आणि एकच. त्यामुळे सहा वर्षांची ताई आणि तिचा तीन वर्षांचा भाऊ यांना घर मिळायला वेळ लागतो. एकट्या भावाला कदाचित लवकर घर मिळालं असतं. पण मग ताईचं काय? म्हणून दोघांना एकत्र घेणारं कुटुंब शोधलं जातं. ते भारतात नाही मिळालं, तर परदेशात.

त्याआधी बरंच काही घडलेलं असतं. मूल टाकलेलं सापडलं, तर आधी त्याच्या नातेवाइकांचा शोध घेतला जातो. आई-वडिलांनी काही कारणाने मूल संस्थेच्या स्वाधीन केलं असेल, तर त्यांना मन बदलायला दोन महिने दिले जातात. मग बाल कल्याण समिती सांगते, की हे मूल दत्तक देता येईल. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल, तर त्याची स्वतःची संमती घेतात. 'तुला या आई-बाबांकडे जायचं आहे का?' असं त्याला विचारावंच लागतं. मला हा नियम फार आवडतो. आपण मोठी माणसं मुलांना किती वेळा काही विचारतो?

सगळं जुळलं, की 'कारा' ना हरकत दाखला देते. २०२२पासून दत्तकाचा हुकूम जिल्हाधिकारी काढतात. मुलांचे पासपोर्ट होतात. आणि मुलांना न्यायला आई-बाबांना स्वतः यावं लागतं. पूर्वी पुष्कळदा दुसरंच कुणी माणूस मुलांना विमानाने नेऊन पोचवायचं. पहिली भेट थेट परक्या देशातल्या विमानतळावर! आता तसं होत नाही. मुलांनी ज्या अंगणात रांगोळी पाहिली, जिथला वरणभात खाल्ला, ते सगळं आई-बाबाही डोळ्यांनी पाहतात. पुढे मुलांनी विचारलं, "आम्ही कुठे होतो?" तर सांगायला त्यांच्याजवळ काही असतं.

परदेशी गेल्यावरही आपल्या देशाचं लक्ष असतं. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलांचा अहवाल पाठवावा लागतो.

उशीखालची पोळी

घरी पोचलं म्हणजे गोष्ट संपली का? छे! खरी तर आता सुरू होते.

संस्थेतून आलेली काही मुलं पोळीचा तुकडा उशीखाली लपवून ठेवतात. फ्रिज भरलेला असतो, पण उद्या मिळेल याची खात्री मनाला वाटत नाही. शहाणे आई-बाबा रागावत नाहीत. ते पलंगाजवळ खाऊचा डबाच ठेवून देतात. डबा रोज भरलेला दिसला, की हळूहळू पोळी लपवणं थांबतं.

भावंडांत जे मोठं असतं, त्याचं आणखी वेगळं. सहा-सात वर्षांची ताई आपल्या भावाची आईच झालेली असते. त्याला भरवायचं, त्याचं नाक पुसायचं, रात्री तो दचकला की थोपटायचं. नव्या घरात आई त्याला भरवायला गेली, तर ताई मध्ये येते. तिचं काम कुणी काढून घेतलं तर तिला भीती वाटते. अशा ताईला पुन्हा लहान व्हायला शिकवावं लागतं. 'आता त्याच्याकडे बघायला आम्ही आहोत, तू खेळायला जा,' हे तिला पटायला कितीतरी दिवस लागतात.

पण दोघं एकत्र असल्याचा फायदाही तिथेच दिसतो. सगळं घर परक्या भाषेत बोलत असताना, रात्री दिवा मालवल्यावर आपल्या भाषेत कुजबुजायला एक माणूस असतं. 'तुला आठवतं, तिथे मागे चिंचेचं झाड होतं?' असं विचारायला एक माणूस असतं. एकट्या मुलाला ही सोय कुठून मिळणार?

आता आणखी एक बदल झाला आहे. परदेशी दत्तक जाणारी मुलं जगभरात कमी झाली आहेत. इथिओपियाने २०१८ साली हे बंद केलं. चीननेही २०२४मध्ये बंद केलं, नात्यातल्या दत्तकाचा अपवाद सोडून. आपल्याकडे २०२४-२५ या एका वर्षात चार हजारांहून अधिक मुलांना भारतातच घर मिळालं, आणि परदेशी जाणाऱ्यांची संख्या काहीशे इतकीच आहे. आपल्याच देशात घर मिळणं हे चांगलंच. फक्त त्यात वाट पाहणाऱ्या भावंडांच्या जोड्या मागे राहायला नकोत. पालकांनो, दत्तकाचा विचार तुमच्या ओळखीत कुणी करत असेल, तर ही एवढी गोष्ट त्यांच्या कानावर जरूर घाला.

माझी चूक

शेवटी माझ्या वर्गातली गोष्ट सांगते. तिसरीत मी मुलांना घरच्या माणसांचं झाड काढायला सांगितलं होतं. आजी-आजोबा फांद्यांवर, आई-बाबा त्याखाली, खाली आपण. सगळे रंगवण्यात गुंगले होते. एक मुलगी मात्र पेन्सिल धरून बसून होती. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, "बाई, मी दत्तक आहे. मग कुणाचं झाड काढू?"

शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "तुझे खरे आई-बाबा कुठेत?"

त्याला दुखवायचं नव्हतं. तो शब्द त्याने मोठ्यांकडूनच उचलला होता. पण तिचे डोळे भरले. चूक त्याची नव्हती, माझी होती. झाड काढायला सांगण्याआधी मी विचार करायला हवा होता.

मी फळ्यावर नवं झाड काढलं. म्हटलं, झाडाला फांद्या असतात तशी मुळंही असतात. ज्या आईने जन्म दिला, ती मुळांत काढ. ती दिसत नसली तरी आहे. आणि जे रोज डबा भरून देतात, ताप आला की जागतात, ते फांद्यांवर काढ. दोन्ही खरे. खोटं कुणीच नाही.

तिने झाड काढलं. मुळांत एक बाई काढली आणि तिला निळी साडी नेसवली. फांद्यांवर आई, बाबा, आजी, आणि सगळ्यात वर एक मांजर.

तेव्हा मुलांनो, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या वर्गात कुणी दत्तक असेल, तर 'खरे आई-बाबा कुठले' असं विचारू नका. त्याने आपणहून सांगितलं तर नीट ऐका. नाही सांगितलं तर नका विचारू. ती त्याची गोष्ट आहे. आणि एखादं लहान मूल एकटं, हरवलेलं दिसलं, तर जवळच्या मोठ्या माणसाला सांगा किंवा १०९८ या क्रमांकावर फोन करा. तो फोन फुकट लागतो.

आणि हो, एक विमान आज कुठल्यातरी देशातून निघालं असेल. त्यात एक ताई आणि एक धाकटा भाऊ बसले असतील. आई-बाबा थकून डुलक्या घेत असतील, आणि हे दोघे खिडकीच्या जागेवरून भांडत असतील. भांडू देत. भांडायला दोघं लागतात.